मावशी, इथे सत्तरीनंतर कुणी इंजेक्शन देत नाही

गेल्या रविवारी सांगलीहून मावशीचा फोन आला. एप्रिलमध्ये ती माझ्याकडे यायची होती. व्हिसा झाला होता, तिकीट काढलं होतं, ट्यूलिपच्या बागेत कुठली साडी नेसायची यावर दोन आठवडे खल झाला होता. फोनवर आधी हवापाण्याचं बोलली, मग हळूच म्हणाली, "अगं, या वेळी माझं राहू दे. गुडघे फार दुखतात." मावशीचे गुडघे पंधरा वर्षं दुखताहेत आणि त्याच गुडघ्यांवर ती चारधाम करून आली. खोदून विचारल्यावर खरं कारण बाहेर आलं. "तुमच्याकडे सत्तरीवरच्या माणसाला दवाखान्यात नेलं की परत आणत नाहीत म्हणे. मला बाहत्तरावं चालू आहे. तिथे पडले-बिडले तर?"

मग मावसभावाने तो मजकूर मला पाठवला. 'हॉलंडकडून काय शिकावं, काय शिकू नये.' डोक्यावर दोन बाण, म्हणजे अनेक वेळा पुढे ढकललेला. तळाशी 'परदेशस्थ भारतीय डॉक्टरांच्या लेखणीतून', आणि डॉक्टरांचं नाव नाही. शिकण्यासारख्या गोष्टी चार: धरणाच्या भोकात बोट घालून देश वाचवणारा मुलगा, गुन्हेगारच नसल्यामुळे बंद पडलेले तुरुंग, संस्कारांमुळे पंतप्रधानसुद्धा सायकलवर, आणि इंग्रजांसारखं कुणाला गुलाम न करता केलेला सचोटीचा व्यापार. न शिकण्यासारख्या तीन: म्हाताऱ्यांना मारून टाकतात, अख्खा देश समुद्राखाली असल्यामुळे लवकरच बुडणार आहे आणि ते झाकायला सरकारने देशाचं नाव बदललं, आणि पाहुण्याला एकच बिस्किट देतात.

आपण ज्याला हॉलंड म्हणतो त्या नेदरलँड्समध्ये मी अकरा वर्षं राहते. ओळीने उत्तरं देण्याइतका धीर माझ्यात नाही. ज्या मुद्द्याने मावशीचं तिकीट रद्द व्हायची वेळ आणली, तिथूनच सुरू करते.

मजकुरातलं वाक्य असं आहे: '७० वर्षं पूर्ण झालेल्या आजारी माणसाला सरकारी डॉक्टर नातेवाइकांना न विचारता इंजेक्शन देतात. तिथले वृद्ध "मला मारू नका" असं लिहिलेलं कडं हातात घालून फिरतात.'

आधी कडं. ट्राममध्ये, शनिवारच्या बाजारात, पोहण्याच्या तलावावर, दवाखान्याच्या बाकावर मी अकरा वर्षं म्हाताऱ्या माणसांचे हात बघतेय. घड्याळ दिसतं, लग्नाची अंगठी दिसते, पडल्यावर मदत मागवायचं बटण असलेला पट्टा दिसतो. असलं कडं एकदाही नाही. ही थाप इथली नाहीच, ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवायला धडपडणारे रिक सँटोरम जाहीरपणे म्हणाले की नेदरलँड्समधले म्हातारे असं कडं घालतात, तिथल्या दहा टक्के मृत्यूंमागे इच्छामरण असतं आणि त्यातली निम्मी माणसं इच्छेविरुद्ध मारलेली असतात. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी तेव्हाच हे तपासलं आणि खोटं म्हणून सांगितलं. इथल्या लोकांनी आधी कपाळाला हात लावला, मग विनोद केले. ती थाप इतक्या वर्षांनी मराठी शुद्धलेखनाच्या चुकांसह सांगलीत पोचली आहे.

यात चिमूटभर खरं आहे तेही सांगून टाकते. 'माझं आयुष्य मुद्दाम संपवू नये' असं लिहून ठेवायचा कागद इथली एक ख्रिस्ती रुग्ण संघटना लोकांना देते. ज्यांच्या धर्मात हे बसत नाही ते तो जवळ ठेवतात. उपासाला मीठ चालत नाही हे आपण यजमानांना आधीच सांगून ठेवतो, तितपत ते आहे.

आता कायदा. रुग्णाच्या मागणीवरून त्याचं आयुष्य संपवणं इथे आजही गुन्हा आहे, बारा वर्षांपर्यंत कैद. १ एप्रिल २००२ पासून लागू झालेला कायदा डॉक्टरला, आणि फक्त डॉक्टरला, एक अरुंद वाट देतो. मागणी रुग्णाने स्वतः, विचारपूर्वक, कुणाच्या दबावाशिवाय केलेली हवी. यातना असह्य आणि बरं होण्याची आशा नसलेल्या हव्यात. त्याला त्याच्या आजाराची पूर्ण कल्पना दिलेली हवी, दुसरा कुठलाही योग्य मार्ग उरलेला नको. उपचारांशी संबंध नसलेल्या दुसऱ्या एका डॉक्टरने रुग्णाला भेटून लेखी मत द्यायला हवं. आणि एवढं सगळं जुळलं तरी डॉक्टर नाही म्हणू शकतो. इच्छामरण हा इथे रुग्णाचा हक्क नाही, ती विनंती आहे. सत्तरीचा किंवा म्हातारपणाचा कुठेही उल्लेख नाही.

'नातेवाइकांना न विचारता' हे वाक्य तर गंमतच आहे. सज्ञान रुग्णाच्या बाबतीत नातेवाइकांना कायद्यात मत नाही हे खरं, पण ते उलट्या बाजूनेही खरं आहे: मुलगा, सून, पुतण्या, कुणीही 'आता यांना सोडवा' असं सांगू शकत नाही. अरुणा शानबाग आठवतात ना? केईएममधल्या परिचारिका, १९७३ च्या हल्ल्यानंतर ४२ वर्षं त्याच रुग्णालयात. त्यांच्या वतीने दुसऱ्या व्यक्तीने केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळला होता. जिला स्वतः काही मागता येत नव्हतं आणि जिने आधी काही लिहूनही ठेवलं नव्हतं, तिच्यासाठी इतर कुणाची मागणी इथल्या कायद्यातही बसली नसती.

झाल्यावर प्रत्येक प्रकरण कळवावं लागतं. ते विभागीय समितीपुढे जातं, तिथे एक कायद्याचा माणूस, एक डॉक्टर आणि एक नीतिशास्त्राचा जाणकार असतो. या समित्या दर वर्षी अहवाल काढतात, तो कुणालाही वाचायला मिळतो. मी बसून वाचला. २०२४ मध्ये ९,९५८ प्रकरणं, म्हणजे देशातल्या एकूण मृत्यूंच्या ५.८ टक्के. निम्म्याहून जास्त माणसं कर्करोगाची. सहा प्रकरणांत डॉक्टरने नियम नीट पाळले नाहीत असा ठपका. पाठ थोपटून घ्यायला ठपके छापत नाहीत कुणी. त्या परदेशस्थ डॉक्टरांनी ही एक पीडीएफ उघडली असती तरी माझा रविवार वाचला असता.

मग सगळं आलबेल आहे का? नाही, आणि तसं मी म्हणणारही नाही. १९९० च्या मृत्यूंची सरकारने पाहणी केली, तेव्हा सुमारे हजार माणसांचं आयुष्य त्यांनी स्पष्ट मागणी केलेली नसताना डॉक्टरांनी संपवल्याचं निघालं. बहुतेक माणसं शेवटच्या घटका मोजणारी होती, तरी आकडा हादरवणारा होता आणि परदेशातले विरोधक आजही तोच फिरवतात. २०१६ मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या ७४ वर्षांच्या एका बाईंच्या कॉफीत डॉक्टरने गुंगीचं औषध घातलं. इंजेक्शनच्या वेळी त्या उठून बसल्या आणि घरच्यांनी त्यांना धरलं. बाईंनी आधी लेखी इच्छा नोंदवली होती, पण तिच्यात 'मला वेळ आली असं वाटेल तेव्हा' अशा अर्थाचे शब्द होते, आणि ती वेळ ठरवायची कुणी? डॉक्टरवर खटला भरला गेला. २०१९ मध्ये निर्दोष सुटका झाली, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. मला तो निकाल आजही पचलेला नाही. मानसिक आजारासाठीच्या प्रकरणांची संख्या २०२३ मध्ये १३८ होती, २०२४ मध्ये २१९ झाली, त्यावरून इथले डॉक्टरच आपसात भांडताहेत. 'सत्तर' हा आकडा कुठून आला असेल, त्याचाही मला अंदाज आहे. ७५ च्या पुढच्या, 'माझं जगून झालं' असं वाटणाऱ्या माणसांना स्वतःच्या मागणीवरून मदत मिळावी असं विधेयक २०२० मध्ये एका खासदारांनी मांडलं. त्याचा कायदा झालेला नाही. फॉरवर्डमध्ये विधेयकाचा कायदा झाला, पंचाहत्तरचे सत्तर झाले आणि स्वतःची मागणी गळून पडली.

कागदाबाहेरचं सांगते. आमच्या भिंतीला भिंत लागून एक आजी राहतात, ८३ वर्षांच्या. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला फुप्फुसाचा कर्करोग झाला. आजोबांनी घरच्या डॉक्टरांपाशी विषय काढला. घरचा डॉक्टर म्हणजे आपल्याकडे पूर्वी असायचा तसा, गल्लीतल्या प्रत्येकाचं पोट ओळखणारा. हे डॉक्टर सायकलवरून यायचे, पँटच्या पायाला चाप लावलेला, तो काढायला विसरायचे आणि तसेच आजोबांच्या पलंगाशी बसायचे. पहिल्या भेटीत काही ठरलं नाही, दुसऱ्या भेटीतही नाही. मधे एकदा दुसऱ्या गावाहून एक बाई डॉक्टर आल्या, आजींना स्वयंपाकघरात पाठवून तासभर आजोबांशी एकट्याने बोलल्या. आजी तेव्हा आमच्याकडे येऊन बसल्या, चहा गार होईपर्यंत कपाकडे बघत. शेवटी एक गुरुवार ठरला. त्याआधीच्या रविवारी पहाटे आजोबा आपल्या पलंगावर झोपेतच गेले. मी भेटायला गेले तर आजी म्हणाल्या, "तारीख दिली होती त्याला. पाळली नाही. आयुष्यभर असंच केलं."

मावशी, तुझ्या पडण्या-बिडण्याचं म्हणशील तर इथल्या प्रत्येक भारतीयाची डॉक्टरबद्दल एकच तक्रार आहे: इंजेक्शन देतच नाही. ताप आला, पॅरासिटामॉल घ्या. पाठ धरली, पॅरासिटामॉल घ्या. आठवड्यात बरं वाटलं नाही तर फोन करा. तू सलाईन लावून मागितलंस तरी कुणी लावणार नाही.

आता बोटवाला मुलगा. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी कुठे ना कुठे वाचली आहे. ती जगभर पसरवली मेरी मेप्स डॉज या अमेरिकन लेखिकेने, १८६५ च्या आपल्या कादंबरीतून. तोपर्यंत त्यांनी हॉलंडमध्ये पाऊलही ठेवलेलं नव्हतं. इथल्या मुलांना ही गोष्ट माहीत नव्हती, पर्यटक येऊन 'तो मुलगा कुठला?' विचारू लागले. शेवटी १९५० मध्ये स्पार्नदाम गावात पुतळा उभा केला, येणाऱ्यांना फोटो काढायला. मजकुरात पुतळा हाच पुरावा म्हणून दिला आहे! आणि मुळात ते धरण नाही, मातीचा बांध आहे. माती पाण्याने फुगते, आतून झिरपते, मग एकदम कोसळते. बोट कुठे घालणार?

खरी गोष्ट याहून जबरदस्त आहे. ३१ जानेवारी-१ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री वादळ आणि उधाण एकत्र आलं, नैऋत्येकडचे बांध फुटले आणि १,८३६ माणसं गेली. त्याच पहाटे निउवरकेर्क गावाजवळ हॉलंडसे आयसल नदीचा बांध फुटायला लागला. त्यामागे देशातला सगळ्यात खोलगट भाग, समुद्रसपाटीखाली ६.७६ मीटरपर्यंत, आणि पुढे शहरांमागून शहरं. तेव्हा आरी एव्हेग्रून नावाच्या नावाड्याने 'दोन भाऊ' नावाचं आपलं मालवाहू जहाज आडवं करून त्या भगदाडात घुसवलं. प्रवाहाने ते दारासारखं गच्च बसलं आणि बांध टिकला. तिथेही स्मारक आहे, पण त्यावर फॉरवर्ड फिरत नाहीत.

आणि त्या रात्रीनंतर या लोकांनी शूर मुलांची वाट बघितली नाही. उधाणाला अडवणाऱ्या भिंती आणि दरवाजे बांधत पुढची चाळीसेक वर्षं घालवली. शिवाय पाण्याचा कारभार बघायला इथे वेगळी पाणीमंडळं आहेत, पार तेराव्या शतकापासूनची. सध्या एकवीस. त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा कर वेगळा, दर वर्षी त्याचं बिल माझ्या दारात पडतं आणि दर वर्षी मी कुरकुरत भरते. अलीकडे तर बांध उंच करत बसण्याऐवजी कित्येक ठिकाणी मागे सरकवून नदीला पसरायला जागा दिली. हे मावशीला मी समजावायची गरज नाही. २००५ आणि २०१९, दोन्ही पुरांत आयर्विन पुलाची पातळी किती फुटांवर गेली हे ती झोपेत सांगेल. नदीच्या जागेत घरं बांधली की नदी घरात येते, हे सांगलीच्या गावभागाला कुणी परदेशस्थ डॉक्टरने शिकवायला नको.

यावरूनच बुडण्याचा मुद्दा. अख्खा देश समुद्राखाली नाही. २६ टक्के जमीन समुद्रसपाटीखाली आहे, आणखी २९ टक्क्यांना नदीच्या पुराचा धोका आहे. दोन्ही मिळवून ५५. हीच बेरीज संयुक्त राष्ट्रांच्या हवामान अहवालात 'समुद्राखालची जमीन' म्हणून छापली गेली होती आणि २०१० मध्ये दुरुस्त करावी लागली, तेव्हा इथे फॉरवर्डवाल्यांना थोडी सूट देते. समुद्र चढतोय आणि त्याची चिंता इथे सगळ्यांनाच आहे. पण नाव? देशाचं नाव आधीपासून नेदरलँड्सच आहे, अर्थच 'सखल प्रदेश'. उत्तर हॉलंड आणि दक्षिण हॉलंड हे बारांपैकी दोन प्रांत. २०२० पासून सरकारने जाहिरातींत आणि बोधचिन्हात 'हॉलंड' वापरणं थांबवलं, एवढंच. बुडणं लपवायला कुणी देशाला 'सखल प्रदेश' म्हणेल का?

तुरुंगाचं अर्धं खरं. मधल्या काळात बरेच तुरुंग रिकामे पडले, रूरमोंडच्या तुरुंगाचं खरोखर हॉटेल झालं, काही वर्षं बेल्जियम आणि नॉर्वेचे कैदी भाड्याने ठेवले. पण त्यामागे कमी मुदतीच्या शिक्षा होत्या, पायाला पट्टा लावून घरी ठेवणं होतं. आता उलटं झालंय, कोठड्या आणि पहारेकरी दोन्ही कमी पडताहेत. गुन्हेगार भरपूर आहेत. माझ्या दोन सायकली त्यांच्याकडे आहेत.

सायकलही संस्कारांतून आलेली नाही. युद्धानंतर इथेही मोटारींचंच राज्य आलं होतं. १९७१ मध्ये रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. अपघातात मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने लेख लिहिला, त्यातून 'मुलांच्या हत्या थांबवा' हे आंदोलन उभं राहिलं. आंदोलक रस्त्यावर आडवे झोपले. १९७३ च्या तेलटंचाईत रविवारी मोटारी बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा लोकांना रिकामा रस्ता कसा दिसतो ते कळलं. मग वेगळ्या वाटा आखल्या. मार्क रूट पंतप्रधान असताना सायकलवर दिसायचे हे खरं, पण त्यांच्यासाठी ती वाट आधी कुणीतरी भांडून मिळवली होती. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तेव्हा पुणेकर जास्त संस्कारी होते आणि नंतर बिघडले, असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणा.

राहिला सचोटीचा व्यापार, आणि इथे माझी सहनशक्ती संपते. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ ची. जायफळाची मक्तेदारी मिळावी म्हणून १६२१ मध्ये यान पीटरसोन कून या तिच्या गव्हर्नर जनरलने बांदा बेटांवर जे केलं, त्यानंतर सुमारे पंधरा हजारांच्या वस्तीतले हजारभर लोक तिथे उरले. बाकीचे मेले, पळाले, किंवा गुलाम म्हणून विकले गेले. श्रीखंडात किसतो ते जायफळ, तेच. हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरूनही कंपनी माणसं विकत घ्यायची आणि बाटावियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला, न्यायची. आपल्या वेंगुर्ल्यात कंपनीच्या वखारीच्या भिंती अजून उभ्या आहेत, झाडोऱ्यात. ज्यांना शिवाजी महाराजांच्या नावाने फॉरवर्ड पाठवायला आवडतं त्यांच्यासाठी: १६७७ मध्ये कर्नाटक मोहिमेवर असताना महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात गुलामांच्या खरेदीला साफ मनाई आहे. कुणाला गुलाम करत नव्हते तर मनाई कशाची केली? सुरिनाम या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीच्या मळ्यांवरची गुलामी कायद्याने १८६३ मध्ये संपली, पण मुक्त झालेल्यांना आणखी दहा वर्षं सक्तीने राबवलं. ती मुदत संपली त्याच वर्षी, १८७३ मध्ये, 'लल्ला रूख' जहाजातून कलकत्त्याहून मजूर नेले. त्यांचे वंशज आज हेगमध्ये हजारोंनी राहतात. पंतप्रधानांनी डिसेंबर २०२२ मध्ये आणि राजाने १ जुलै २०२३ ला या गुलामगिरीबद्दल माफी मागितली. ज्यांनी केलं ते कबूल करताहेत आणि सांगलीत त्यांना प्रशस्तिपत्र वाटलं जातंय.

एका बिस्किटाचा मुद्दा मात्र पूर्ण बरोबर आहे. शेजारच्या आजी कॉफी ओततात, पत्र्याचा डबा उघडतात, माझ्यापुढे धरतात, मी एक उचलते, टप्प करून झाकण बंद होतं आणि डबा फडताळात जातो. जेवायच्या वेळी, म्हणजे संध्याकाळी सहाला, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. न कळवता तर कधीच जायचं नाही. यावर माझ्याकडे काही बचाव नाही. तेव्हा मावशी, येताना चकल्या जास्त आण. मागच्या दिवाळीला आजींना बशीभर दिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी बशी धुऊन परत करायला आल्या आणि दारातच उभं राहून विचारलं, मावशी नक्की कोणत्या तारखेला येते आहे.